आरएचसीएसए घरच्या घरी: पुस्तक, व्हिडिओ की नुसती लॅब?

दुपारचा_चहा

रेड हॅटची आरएचसीएसए (लिनक्स सिस्टिम सांभाळणाऱ्यांची प्रमाणपत्र परीक्षा), म्हणजे ईएक्स२००, क्लास न लावता द्यायची आहे. रोजचं काम उबुंटूवर चालतं, त्यामुळे टर्मिनलची भीती नाही. पण साहित्य निवडताना डोकं गरगरतंय. हाताशी आहे ते असं:

अप्पा बळवंत चौकातून जुन्यात मिळालेलं जाडजूड पुस्तक, रेड हॅट लिनक्स (आरएचईएल) आवृत्ती ७ साठीचं. सवलतीत मिळणारा एक लांबलचक व्हिडिओ कोर्स. मित्राने पाठवलेली ‘हमखास येणारे प्रश्न’ नावाची पीडीएफ. आणि रेड हॅटची स्वतःची कागदपत्रं, जी उघडली की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११. यातलं काय ठेवावं, काय टाकावं? आणि आवृत्ती ९ धरावी की १०?

खडूस_रूट

आधी ती पीडीएफ डिलीट करा. बाकीचं नंतर बोलू.

आता बोलतो. ही परीक्षा पर्यायी प्रश्नांची नाही. ३ तास, समोर चालू मशीन आणि कामांची यादी. एकूण ३०० गुण, पास व्हायला २१०. इंटरनेट नाही, स्वतःच्या नोंदी नाहीत. पण सिस्टिमसोबत येणारी मॅन पेजेस (आज्ञांची माहितीपानं) आणि ‘/यूएसआर/शेअर/डॉक’ उघडता येतात. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे केलेली प्रत्येक गोष्ट रीबूटनंतर, हात न लावता, तशीच चालू राहिली पाहिजे.

साहित्य निवडताना चाळणी हीच. जे साहित्य तुम्हाला रीबूट करायला लावत नाही ते या परीक्षेचं नाही. मग मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो.

रेड हॅटच्या साइटवर ईएक्स२०० च्या पानावर उद्दिष्टांची यादी आहे. ती कागदावर छापून घ्या. अभ्यासक्रम तोच. पुस्तक, व्हिडिओ, लॅब हे सगळं त्या यादीला जोडून बघायचं, उलटं नाही.

मोगरा_के

वाचतेय. आमच्या ग्रुपमध्येही हाच घोळ चालू आहे.

पाटलांचा_बंड्या

‘हमखास येणारे प्रश्न’ वाचून दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच डोळ्यांसमोर आले. फरक एवढाच की तिथे पाठ केलेलं उत्तर लिहून मार्क मिळायचे, इथे मशीन बूटच झालं नाही तर पाठांतर कुणाला म्हणून दाखवणार?

निशिगंध

जुन्या पुस्तकाबद्दल. दुकानात उभं राहून पुस्तक तपासायच्या खुणा सांगते. चौकात आवृत्ती ६ आणि ७ ची पुस्तकं ढिगाने येतात आणि दिसायला नव्यासारखीच असतात.

नेटवर्कचं प्रकरण आधी उघडा. त्यात ‘/ईटीसी/सिसकॉन्फिग/नेटवर्क-स्क्रिप्ट्स’मधल्या ‘आयएफसीएफजी’ फायली हाताने लिहायला शिकवलं असेल तर पुस्तक जुनं. आवृत्ती ९ मध्ये नेटवर्क मॅनेजर नवी जोडणी ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्स’मध्ये कीफाइल म्हणून ठेवतो. १० मध्ये तर आयएफसीएफजीचा आधारच काढून टाकलाय. ‘एनएमसीएलआय’वर (नेटवर्क मॅनेजरची आज्ञा) किमान एक पूर्ण भाग असलेलं पुस्तक हवं.

दुसरी खूण म्हणजे व्हर्च्युअल मशीन बनवण्यावर मोठं प्रकरण असेल तर ते ७ च्या काळातलं. व्हीडीओ आणि स्ट्रॅटिस (दोन्ही डिस्क साठवणीची तंत्रं) यांच्यावर भर असेल तर ८ च्या काळातलं. पॉडमॅन कंटेनर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) असतील तर ८ किंवा ९. फ्लॅटपॅक (अ‍ॅप बसवायची पद्धत) आणि सिस्टिमडी टायमर (ठरल्या वेळी काम चालवणारे) दिसले, कंटेनर गायब असतील, तर १० चं.

तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात मोठी. सूचीत ‘सेटएनफोर्स ०’ शोधा. एखादी सेवा चालत नाही म्हणून लेखक एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) बंद करून मोकळा होत असेल तर पुस्तक जागच्या जागी ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.

कोकणकडा

+१. शेवटची खूण व्हिडिओंनाही लावा. यूट्यूबवर निम्म्या जणांचं पहिलं वाक्य ‘आधी एसईलिनक्स आणि फायरवॉल बंद करून घेऊ’ हेच असतं.

सदू_सर्व्हरवाला

पुस्तकाची एवढी भक्ती पटत नाही. ज्याला टर्मिनलची सवय आहे त्याने ७०० पानं वाचत बसण्यात अर्थ नाही. व्हिडिओत माणूस काम करताना दिसतो, चूक झाली की एरर दिसतो, तो कसा सोडवला तेही दिसतं. पुस्तकात सगळ्या आज्ञा पहिल्या फटक्यात चालतात!

निशिगंध

@सदू, चूक दाखवणारे व्हिडिओ असतील तर खरंच चांगले. पण विकत मिळणाऱ्या कोर्समध्ये चुका संपादन करून कापलेल्या असतात. आणि दीडपट वेगाने व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, हाताला काही येत नाही. व्हिडिओत आज्ञा शोधायची तर १२व्या मिनिटाला होती की ३२व्या, ते आठवत बसावं लागतं. पुस्तकाला सूची असते.

खडूस_रूट

दोघांचं बरोबर आहे, पण भांडण चुकीच्या गोष्टीवर आहे. व्हिडिओ असो वा पुस्तक, प्रकरणाच्या शेवटी सराव कसा दिलाय ते बघा. ‘खालीलपैकी कोणती आज्ञा योग्य’ असा प्रश्न असेल तर ते साहित्य दुसऱ्या परीक्षेसाठी लिहून नंतर लेबल बदललेलं आहे. ‘५० एक्स्टेंटचं लॉजिकल व्हॉल्यूम बनवा, एक्स्टेंट १६ एमबीचा हवा, अमुक ठिकाणी कायमचं माउंट करा’ असं काम दिलं असेल तर ते कामाचं. एकच मुख्य पुस्तक किंवा एकच मुख्य कोर्स घ्या. दोन घेतलेत की एकात पान १८० आणि दुसऱ्यात पाचवा व्हिडिओ, अशी दोन्ही अर्धवट राहतात.

दुपारचा_चहा

तो ५० एक्स्टेंटचा प्रश्न कुणीतरी उलगडून सांगा ना. ५० म्हणजे ५० एमबी का?

ताई_टर्मिनल

नाही, तिथेच पाय घसरतो. एक्स्टेंट म्हणजे डिस्कच्या जागेचा ठरावीक आकाराचा तुकडा. व्हॉल्यूम ग्रुप बनवताना ‘व्हीजीक्रिएट’ला लहान ‘-एस’ देऊन १६ एमबी सांगायचं. मग ‘एलव्हीक्रिएट’ला लहान ‘-एल’ ५० दिलं की ५० गुणिले १६ म्हणजे ८०० एमबी होतात. मोठा ‘-एल’ दिला की तो आकार धरला जातो आणि आकडा एक्स्टेंटचा न राहता एमबीचा होतो. आज्ञा दोन्ही वेळा बिनतक्रार चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ‘व्हीजीडिस्प्ले’त पीई साइज (एक्स्टेंटचा आकार) आणि ‘एलव्हीएस’मध्ये आकार बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वाढवताना ‘एलव्हीएक्स्टेंड’ला लहान ‘-आर’ जोडा, म्हणजे फाइलसिस्टिमही सोबत वाढते. नाहीतर व्हॉल्यूम मोठं आणि ‘डीएफ’मध्ये आकार जुनाच. एक्सएफएस फाइलसिस्टिम लहान करता येत नाही, तेव्हा आकार चुकून जास्त दिलात तर पुन्हा बनवणं आलं.

पाटलांचा_बंड्या

लहान एल, मोठा एल… शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला हसणाऱ्यांवर काळाने उगवलेला सूड.

कोकणकडा

लॅबबद्दल लिहितो, कारण खर्च आणि वेळ तिथेच वाचतो.

रेड हॅटची वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट आहे. २०२१ पासून तिच्यावर १६ सिस्टिमपर्यंत नोंदवता येतात, दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. त्यामुळे ‘खरं आरएचईएल महाग, म्हणून क्लोन’ हे कारण आता उरलेलं नाही. तरी नोंदणी नको असेल तर अल्मा किंवा रॉकी (आरएचईएलचे फुकट क्लोन) चालेल, मात्र आवृत्ती परीक्षेचीच हवी. सेंटओएस ८ ३१ डिसेंबर २०२१ ला आणि सेंटओएस ७ ३० जून २०२४ ला संपलं. ते उतरवून अभ्यास करायला सांगणारा ब्लॉग दिसला तर तारीख बघा आणि बंद करा.

मशीन दोन. प्रत्येकी दीड ते दोन जीबी रॅम, २० जीबीची डिस्क, ग्राफिकल डेस्कटॉप नको. पहिल्या मशीनला ५ आणि १० जीबीच्या दोन रिकाम्या डिस्क जास्तीच्या जोडा, पार्टिशन, एलव्हीएम आणि स्वॅप त्यांच्यावर करायचे. दुसरं मशीन एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटणं) आणि रेपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) पुरवायला. सगळं बसवून झालं की दोन्हींचे स्नॅपशॉट घ्या. सरावानंतर मागे फिरायचं आणि पुन्हा तेच काम कोऱ्या मशीनवर करायचं.

आयएसओ उतरवताना छोटी बूट आयएसओ नको, पूर्ण डीव्हीडी घ्या. आकार मोठा आहे, पण तिच्यात ‘बेसओएस’ आणि ‘अ‍ॅपस्ट्रीम’ या दोन्ही रेपॉझिटरी असतात. ती माउंट करून ‘/ईटीसी/यम.रेपोज.डी’मध्ये स्वतः ‘.रेपो’ फाइल लिहा. दोन विभाग, प्रत्येकाला चौकटी कंसात वेगळा आयडी, नाव, बेसयूआरएल, एनेबल्ड=१, जीपीजीचेक=०. बहुतेक जण फक्त बेसओएस लिहितात, मग अर्धी पॅकेजेस ‘सापडत नाहीत’. फोल्डरच्या नावातली लहान-मोठी अक्षरंही चुकतात. ‘डीएनएफ रेपोलिस्ट’मध्ये दोन ओळी दिसल्या की झालं. हे काम आधी हातात बसवा, कारण रेपॉझिटरी नसेल तर पुढचं काहीच बसवता येत नाही.

मोगरा_के

दोन मशीन कशाला? डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) आहे की विंडोज ११ मध्ये. नाहीतर क्लाउडवर एक छोटं मशीन घेतलं की झालं.

कोकणकडा

डब्ल्यूएसएलमध्ये ग्रब (बूटचा मेनू) नाही, त्यामुळे बूट अडवून रूटचा पासवर्ड बदलायचा सराव होत नाही. डिस्क आणि एफएसटॅबचा (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) भागही खऱ्या मशीनसारखा वागत नाही. क्लाउडवर कन्सोल मिळवायला खटपट आणि नेटवर्क चुकवलंत की एसएसएच गेलं, मशीन गेलं. आज्ञा पाठ करायला दोन्ही ठीक, बूट आणि डिस्कसाठी नाही.

विदर्भाचा_वाघोबा

८ जीबी आणि विंडोज ११ वर एक गोष्ट नक्की अडेल. मेमरी इंटिग्रिटी किंवा हायपर-व्ही चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. मशीन चालतं, पण नावाप्रमाणेच. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करून बघा. कंपनीचा लॅपटॉप असेल तर ते बटण राखाडी असतं, मग कासवासोबत संसार.

आवृत्ती १० चा आणखी एक मुद्दा. ९ ला x८६-६४-व्ही२ प्रोसेसर लागतो, १० ला व्ही३. म्हणजे इंटेलच्या बाजूला ढोबळमानाने २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचा. विंडोज ११ अधिकृतपणे चालत असेल तर प्रोसेसर नवाच असणार, पण कासव असताना व्हर्च्युअल मशीनला एव्हीएक्स२ (व्ही३ मधला एक भाग) कधी कधी दिसतच नाही, आणि इन्स्टॉलर सुरुवातीलाच कर्नल पॅनिक देतो. लोकांना वाटतं आयएसओ खराब उतरली. अल्माने १० साठी व्ही२ ची वेगळी प्रत काढलीय, जुन्या मशीनवाल्यांनी ती वापरावी.

दुपारचा_चहा

कासव आहे! आता कळलं एवढं संथ का चालतंय. मग ९ की १०?

खडूस_रूट

ज्या आवृत्तीची परीक्षा नोंदवणार ती. नोंदणीच्या वेळी आवृत्ती लिहिलेली असते. आधी ती ठरवा, मग पुस्तक. बहुतेक लोक उलटं करतात. विषयांचं म्हणाल तर फरक फार नाही. १० मध्ये कंटेनर गेले, फ्लॅटपॅक आला, क्रॉनसोबत सिस्टिमडी टायमर आले. एलव्हीएम, परवानग्या, एसईलिनक्स, फायरवॉल, युजर, ‘टार’, ‘फाइंड’, बॅश स्क्रिप्ट तेच. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं, त्यामुळे घाई नसेल तर नव्याकडे जा.

सदू_सर्व्हरवाला

९ वाल्यांसाठी कंटेनरचा एक सापळा. रूट नसलेल्या युजरचा कंटेनर सिस्टिमडी सेवा म्हणून चालवताना ‘एसयू’ करून त्या युजरमध्ये गेलात तर ‘सिस्टिमसीटीएल --युजर’ बस सापडत नाही म्हणून रडतं. एसएसएचने थेट त्या युजरचं लॉगिन करा. आणि ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ विसरलात तर रीबूटनंतर तो युजर लॉगिन करेपर्यंत कंटेनर उठतच नाही. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण शिकवणारा रीबूट केल्यावर स्वतःच लॉगिन करून ‘बघा, चालतोय’ म्हणतो.

ताई_टर्मिनल

आता कागदपत्रांबद्दल, कारण धागाकर्त्याने ती ‘कुठून सुरू करावं कळत नाही’ म्हणून बाजूला ठेवलीत, आणि परीक्षेत सोबत येणारी हीच एक गोष्ट आहे.

साइटवरची गाइड आणि मशीनवरची मॅन पेजेस यांचा उपयोग वेगळा. साइटवर आवृत्तीप्रमाणे नेटवर्क, एसईलिनक्स, लॉजिकल व्हॉल्यूम, फाइलसिस्टिम अशी वेगवेगळी गाइड आहेत, पीडीएफही मिळते. सलग वाचायची नाहीत. पुस्तकात एखादं उद्दिष्ट तोकडं वाटलं की त्या गाइडमधला तेवढाच ‘प्रोसिजर’ भाग करायचा.

मॅन पेजेस मात्र परीक्षेतही उघडता येतात, म्हणून त्यांची सवय हवी. ‘मॅन सेमॅनेज-पोर्ट’ उघडा आणि थेट तळाला जा. उदाहरणात अपाचेला टीसीपी पोर्ट ८१ वर ऐकू द्यायची पूर्ण ओळ आहे: सेमॅनेज पोर्ट, -ए, -टी एचटीटीपी_पोर्ट_टी, -पी टीसीपी, ८१. प्रश्नात ८२ असेल तर आकडा बदला, काम झालं. ‘मॅन सेमॅनेज-एफकॉन्टेक्स्ट’च्या तळाला तसंच ‘/वेब’ फोल्डरचं उदाहरण आहे, ती कंस-टिंब-तारा-प्रश्नचिन्हाची नक्षी पाठ करायची गरज नाही. फक्त नंतर ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही’ चालवायचं, इथे आर मोठा. ‘सीएचकॉन’ने केलेलं रीलेबल झालं की पुसलं जातं.

नेटवर्कसाठी ‘मॅन ७ एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स’. क्रॉनसाठी ‘मॅन ५ क्रॉनटॅब’, नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ केलं तर आज्ञेचं पान येतं, रकान्यांचं नाही. टायमरला ‘मॅन सिस्टिमडी.टाइम’.

सराव असा: काम वाचलं की पुस्तक मिटून फक्त मॅन पेजवरून करायचं. अडलात तर त्या विषयाची आज्ञा नव्हे, मॅन पेजचं नाव लक्षात ठेवा.

निशिगंध

ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

नागपुरी_संत्रं

थोडं अवांतर, पण शीर्षकात बसतंय म्हणून विचारतो. विंडोजवाल्यांनी काय करावं? ऑफिसच्या कपाटात एमसीएसएची (मायक्रोसॉफ्टचं जुनं प्रमाणपत्र) चार पुस्तकं आहेत.

विदर्भाचा_वाघोबा

एमसीएसए ३१ जानेवारी २०२१ ला बंद झालं. पुस्तकांतला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस, डीएचसीपी, ग्रुप पॉलिसीचा भाग अजून वाचनीय आहे, परीक्षा मात्र उरलेली नाही. त्यानंतर विंडोज सर्व्हर हायब्रिडच्या एझेड-८०० आणि एझेड-८०१ आल्या, क्लाउडकडे जायचं तर एझेड-१०४. पैसे भरण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या निवृत्त परीक्षांच्या यादीत तुमची परीक्षा नाही ना, एवढं बघा.

साहित्य तिथे उलट सोपं आहे. मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट, आणि २०२३ पासून या भूमिकाधारित परीक्षांमध्ये पेपर चालू असताना लर्नची पानं उघडायची मुभा आहे. घड्याळ मात्र थांबत नाही. प्रत्येक प्रश्नाला शोधत बसलात तर पेपर अर्ध्यात राहील. पॉवरशेलचे पॅरामीटर, मर्यादांचे आकडे अशा गोष्टींपुरतंच शोधायचं. लॅबला विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यांकन प्रत चालते.

कोकणकडा

आणि ज्यांना वितरण-निरपेक्ष काही हवंय त्यांनी एलपीआयसी-१ ही लिनक्सची परीक्षा बघा. १०१ आणि १०२ असे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न ९० मिनिटांत, ८०० पैकी ५०० ला पास. डेबियन आणि रेड हॅट दोन्हींची पॅकेज व्यवस्था त्यात येते. एलपीआयच्या लर्निंग पोर्टलवर अधिकृत साहित्य फुकट आहे. यात काही उत्तरं टाइप करायची असतात, एक अक्षर चुकलं की गेलं, तेव्हा पर्याय बघून ओळखण्याचा सराव तिथेही पुरत नाही.

पाटलांचा_बंड्या

म्हणजे गाडी कुठूनही सुटली तरी ‘हाताने करा’ याच स्टेशनवर थांबते.

दुपारचा_चहा

ती पीडीएफ उडवली. पण मित्र म्हणतोय की निदान प्रश्नांचं स्वरूप कळायला काय हरकत आहे?

खडूस_रूट

हरकत दोन. परीक्षेआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. प्रश्न फोडणं किंवा फुटलेले वापरणं सापडलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. आणि त्या फायलींमधली उत्तरं बहुधा चुकीची असतात. एफएसटॅबमध्ये थेट ‘/डेव्ह/एसडीबी१’ लिहिलेलं, फायरवॉलच्या आज्ञेत ‘--परमनंट’ नाही, एसईलिनक्स पर्मिसिव्ह. रीबूटनंतर यातलं काय टिकतं ते करून बघा. स्वरूप कळायला उद्दिष्टांची यादी पुरते, प्रत्येक ओळीचं स्वतःच एक काम बनवा.

या धाग्यावरही कुणी खऱ्या परीक्षेतले प्रश्न टाकू नयेत, ही विनंती.

ताई_टर्मिनल

रीबूटचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात जास्त गुण जिथे जातात ते लिहिते. साहित्य चांगलं की वाईट तेही याच भागात कळतं.

रूटचा पासवर्ड. ग्रबच्या मेनूत ‘ई’, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘आरडी.ब्रेक’, कंट्रोल-एक्स. मग ‘/सिसरूट’ लिहिण्याजोगं रीमाउंट, ‘सीएचरूट’, ‘पासडब्ल्यूडी’, आणि मूळ फोल्डरात, म्हणजे ‘/’मध्ये, ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल. ती विसरलात तर शॅडो फाइलचं एसईलिनक्स लेबल बिघडलेलं राहतं आणि नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. आवृत्ती ९ मध्ये काही मशीनवर आरडी.ब्रेक टाकूनही रूटचा पासवर्डच मागतात, जो विसरलाय म्हणून तर हा खटाटोप! तेव्हा मेनूतला रेस्क्यू कर्नल घेऊन तेच करायचं, किंवा ‘इनिट=/बिन/बॅश’. दुसऱ्या रीतीत ‘/’ रीमाउंट करायचं आणि शेवटी ‘एक्झिट’ करायचं नाही. ती बॅश म्हणजेच पहिली प्रोसेस, ती संपली की कर्नल पॅनिक. ‘एक्झेक /एसबिन/इनिट’ द्यायचं. दोन्ही रीती देणारं पुस्तक घ्या.

एफएसटॅब. एक ओळ चुकली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये. ‘एलएसबीएलके -एफ’ने यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक) घ्यायचा, लिहून झालं की ‘माउंट -ए’. पण माउंट -ए स्वॅपकडे बघत नाही, त्यासाठी ‘स्वॅपऑन -ए’. दोन्हींच्या वर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, टायपो आणि नसलेला यूयूआयडी तिथे पकडला जातो.

नेटवर्क. पत्ता, गेटवे, डीएनएस सगळं दिलं आणि ‘आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल’ राहिलं तर डीएचसीपीचा पत्ताही सोबत येत राहतो. ‘कॉन अप’ केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

ऑटोएफएस (गरज पडली की आपोआप माउंट). ‘/ईटीसी/ऑटो.मास्टर.डी’मधल्या फाइलचं नाव ‘.ऑटोएफएस’नेच संपलं पाहिजे, नाहीतर ती वाचलीच जात नाही आणि एररही येत नाही. सरावाला दुसऱ्या मशीनवर एनएफएस निर्यात करावी लागते, म्हणून वर कोकणकडांनी दोन मशीन सांगितलीत.

क्रोनी (घड्याळ जुळवणं), ट्यून्ड (कामगिरीची प्रोफाइल) वगैरे एकेका ओळीची कामं आहेत, त्यात अडकू नका.

सदू_सर्व्हरवाला

अनुमोदन. एक भर: ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ करून पुढे जाणारे फार. ‘एनेबल --नाऊ’ची सवय लावा. आणि ३ तासांतली शेवटची २५-३० मिनिटं रीबूट आणि तपासणीसाठी राखून ठेवा. एकच शेवटचं मोठं रीबूट नको, डिस्कचं काम झालं की एक, नेटवर्क झालं की एक. म्हणजे कुठे मोडलं ते कळतं.

दुपारचा_चहा

मस्त. दोन शेवटचे प्रश्न. आवृत्ती ७ चं पुस्तक पूर्ण रद्दीत की काही वाचवता येईल? आणि परीक्षा घरून देता येते म्हणतात, त्याला काय लागतं?

निशिगंध

परवानग्यांमधला एसीएलच्या (वाढीव परवानग्यांच्या) आधीचा सगळा भाग, युजर-ग्रुप, ‘सीएचएज’, ‘फाइंड’, ‘ग्रेप’ आणि रेग्युलर एक्स्प्रेशन, ‘टार’, प्रोसेस, एलव्हीएमच्या मूळ संकल्पना, बॅश. एवढं ठेवा. नेटवर्क, पॅकेज, केव्हीएमची प्रकरणं स्टेपलर मारून बंद करा, चुकून उघडायला नकोत. पण त्याच्या भरवशावर राहू नका, तुमच्या आवृत्तीचं एक नवं पुस्तक लागेलच. दोघांत मिळून घेतलं तरी चालतं.

विदर्भाचा_वाघोबा

घरून देताना रेड हॅटची प्रतिमा यूएसबीवर टाकून लॅपटॉप त्यावरून बूट करावा लागतो. म्हणून कंपनीचा, बायोस कुलूपबंद लॅपटॉप चालणार नाही. ती यूएसबी बनवून सुसंगतता चाचणी आधी करा, परीक्षेच्या सकाळी नाही. वेबकॅमच्या अटी वाचा, लांब केबलचा स्वतंत्र वेबकॅम हाताशी असलेला बरा. वाय-फायपेक्षा केबल. इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्याच्यावर घ्या, लाइट गेल्यावर लॅपटॉप चालू आणि नेट बंद असा प्रकार व्हायला नको. टेबल रिकामं, खोलीत दुसरं कुणी नाही, ओळखपत्र जवळ. हे जमणार नसेल तर परीक्षा केंद्र गाठा.

मोगरा_के

नॅनो चालतं का? व्हीआयमधून बाहेर पडता येत नाही. (दिवा घ्या.)

पाटलांचा_बंड्या

मोगराताई, बाहेर पडायला एस्केप, विसर्ग, क्यू, उद्गारचिन्ह. जगात बाकी कुठूनही बाहेर पडायला एवढं नीट उत्तर मिळत नाही.

खडूस_रूट

व्हीआय शिकाच, नॅनो बसवलेलं असेलच असं नाही. रेपॉझिटरी लागेपर्यंत बसवताही येत नाही.

ताई_टर्मिनल

आणि मिनिमल इन्स्टॉलवर ‘मॅन -के’ काहीच सापडलं नाही म्हणून सांगत असेल तर सूची तयार झालेली नसते. रूटने एकदा ‘मॅनडीबी’ चालवा, मिनिटभरात तयार होते. सेमॅनेजची मॅन पेजेसच नसतील तर आधी ‘पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स’ बसवा, आज्ञा आणि पानं दोन्ही त्याच पॅकेजमध्ये येतात.